खंडेनवमीला उचललेला पाना

गाडीचा हँडब्रेक नीट बसलाय की नाही, हे ओळखायची माझ्या वडिलांची एक रीत होती. दांडा वर ओढायचा, त्याच्या बुडाशी असलेल्या चक्रीच्या दातांचे आवाज मोजायचे, आणि चौथ्या दाताला गाडी धरली गेली पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्याला धरली तर ब्रेक घासतोय. सातव्या-आठव्याला धरली तर काम करणाऱ्यानं अंग चोरलंय. "आटवा दात म्हंजी मेकॅनिकची लबाडी," असं ते म्हणायचे, आणि चारचौघांत म्हणायचे. त्यामुळे राहात्यातले बाकीचे मेकॅनिक त्यांच्यावर कायम खार खाऊन असत.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. नगरच्या लष्करी वर्कशॉपात त्यांनी फिटर म्हणून उभी हयात काढली आणि निवृत्त झाल्यावर गावी येऊन रस्त्याकडच्या आमच्या घरापुढं पत्र्याचं एक शेड टाकलं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, साखर कारखान्यात फिटर. पाळी संपली की शेडमध्ये त्यांच्या हाताखाली. आप्पांकडून मला हात आला तो अर्धा आला, राग मात्र पुरता आला. आम्हा दोघांचं एका बोल्टवरून भांडण व्हायचं आणि आई आतून म्हणायची, "त्यो बोल्ट हिकडं द्या, मी भाजीत घालते."

सगळ्यात आधी बंद झालं ते हे भांडण. दुष्काळाच्या आदल्या वर्षाची गोष्ट. आप्पा एका जीपखाली पडून काम करत होते, आणि मला कातडं जळल्याचा वास आला. त्यांचा डावा हात सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवर टेकला होता आणि ते शांतपणे उजव्या हातानं नट फिरवत होते. मी ओरडलो तेव्हा त्यांनी हात काढला आणि तळव्याकडं असं पाहिलं, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा असावा.

आईनं त्या दिवसापासून धसका घेतला. बधिर बोटं म्हणजे महारोग, हे तेव्हा घराघरांत माहीत होतं. कुणापाशी बोलायची सोय नव्हती. पंधरा दिवस तिनं आप्पांचं ताट-वाटी वेगळी घासली आणि त्याबद्दल स्वतःलाच शिव्या देत रडली. शेवटी मी आप्पांना डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर गावातलेच, साठीला आलेले, बामणाघरचे, बोलायला मोजके. त्यांनी आप्पांना डोळे मिटायला सांगून बोटांना टाचणी टोचली. "टोचलं की सांगा," म्हणाले. आप्पा डोळे मिटून बसून राहिले. डॉक्टरांनी दहा वेळा टोचलं असेल. आप्पांनी दोनदा "हां" म्हटलं, आणि त्यातल्या एकदा डॉक्टरांनी टोचलंच नव्हतं.

महारोग नव्हता. साखर होती. ती कुणाला माहीत नसताना वर्षानुवर्षं रक्तात राहिली होती आणि तिनं नसा मारल्या होत्या. डॉक्टरांनी मला ओसरीवर नेऊन सांगितलं.

"गोळ्या देतो. पुढचं थोडं थांबेल. गेलं ते परत येणार नाही."

"थोडं तरी, डॉक्टरसाहेब?"

"नाही," ते म्हणाले. मला त्यांचा राग आला. खोटं बोलून माझं समाधान केलं असतं तर काय बिघडलं असतं, असं तेव्हा वाटलं.

खोटं बोलायचं काम मग मीच घेतलं.

एका सकाळी आप्पा आंघोळीला गेले असताना मी सहज आदल्या दिवशीच्या गाडीचं चाक पाहिलं. पाचातले दोन नट आडवे चढलेले. मी ते काढले, नीट बसवले, पाना पुसून जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी पाहिली. तिथंही काहीतरी. आप्पांची आंघोळ आणि देवपूजा मिळून पाऊण तास लागायचा. आठ-नऊ महिने मी त्या पाऊण तासात आदल्या दिवसाची सगळी गाडी पुन्हा तपासत असे. पूजा लांबली की माझं काम व्हायचं, म्हणून आई त्यांना मुद्दाम ताजी फुलं उशिरा आणून द्यायची. देवाला इतकं राबवून घेतलेलं दुसरं घर नसेल.

मला दया आली म्हणून मी हे केलं, असं स्वतःला सांगायचो. दया होतीच. पण समोर उभं राहून "आप्पा, तुमच्यानं होत न्हाई" म्हणायची छातीही नव्हती. गाड्या नीट जात होत्या, गिऱ्हाइकं खूश होती, आणि आप्पा मिशीवर हात फिरवून म्हणायचे, "बोटं बधिर झाली तरी अक्कल बधिर न्हाई झाली." तेवढं एक वाक्य त्यांच्याजवळ उरलं होतं. त्यासाठी मी सगळं करत होतो.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. आमच्याकडं कालवा, त्यामुळे लोक म्हणायचे राहात्याला काय कमी. त्या वर्षी कालव्यात पोरं क्रिकेट खेळत होती. पेरूच्या बागा उभ्या वाळल्या. माळावर पाझर तलावाचं सरकारी काम निघालं आणि दोन-तीन हजार माणूस त्या बांधावर माती वाहायला आणि खडी फोडायला जाऊ लागलं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा स्वतःच्या गाडीनं तिथं औषधं घेऊन जायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांची गाडी विलायती, जुनी. मागच्या ब्रेकचे सुटे भाग देशात मिळेनासे झाले होते. आप्पांनी तोड काढली. नगरच्या भंगार बाजारातून आपल्या देशात बनलेल्या गाडीचा मागचा अख्खा ॲक्सल, ड्रम-ब्रेकसकट आणायचा आणि याच गाडीला बसवायचा. मोजमापं त्यांनी खडूनं शेडच्या पत्र्यावर लिहून काढली. ती बरोबर होती. अक्कल खरंच बधिर झाली नव्हती.

गाडी टाकून जाताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "काम आप्पांकडेच देतोय. शेवटचा हात मात्र तुझा असू दे."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

"तिथे चढावर गाडी उभी करावी लागते," ते पुढं म्हणाले. "खाली बायका खडी फोडत बसलेल्या असतात. पोरं असतात त्यांची."

मी म्हटलं, "बघतो मी."

नवरात्र बसायच्या सुमाराला आम्ही काम सुरू केलं. ॲक्सल चढवायला पाच दिवस गेले. जुनी हँडब्रेकची तार नव्या ब्रेकला लांब पडत होती, तर आप्पांनी मधे जोडायला एक लोखंडी तुकडा सांगितला आणि मी तो कारखान्याच्या लेथवर करून आणला. जड उचलायचं, ठोकायचं ते सगळं मी केलं. पण हँडब्रेक बसवायची वेळ आली तेव्हा आप्पा म्हणाले, "ह्ये माजं काम. तू कारखान्यात जा."

हँडब्रेक बसवणं हे जोराचं काम नाही. त्यात सगळं बोटांत आहे. ब्रेकच्या पत्र्यामागं चौकोनी डोक्याचा एक लहान खिळा असतो. तो फिरवला की आतले ब्रेक ड्रमच्या जवळ सरकतात. फिरवताना पाव फेऱ्याला एक टक लागतो. कानाला तो क्वचित ऐकू येतो, बोटाला मात्र कळतो. चाक आवळेपर्यंत फिरवायचं आणि मग दोन टक मागं यायचं, म्हणजे चाक मोकळं फिरतं आणि ब्रेक केसभर लांब राहतो. दोन्ही चाकांचं हे झालं की मगच तारेला हात लावायचा. "आदी चाक, मंग तार," हे आप्पा मला लहानपणापासून शिकवत आले होते. चाकात ढिलाई ठेवून जो नुसती तार ओढतो, त्याचा ब्रेक आज लागतो आणि आठवड्यानं सुटतो. आप्पांच्या मते असला माणूस आणि दुधात पाणी घालणारा गवळी एकाच पंगतीला बसवायच्या लायकीचे.

त्या चौकोनी डोक्यासाठी बाजारात पाना मिळत नव्हता. आप्पांनी लष्करात असताना लोखंडाच्या पट्टीला कानस मारून स्वतः एक बनवला होता. गावात तसा दुसरा नव्हता.

अष्टमीला माझी दुपारची पाळी होती. रात्री घरी आलो तर आप्पा जेवून झोपले होते. आई म्हणाली, "झालं म्हनले गाडीचं. लई खूश हुते." मी मनात ठरवलं, सकाळी आंघोळीच्या वेळी बघू.

आणि सकाळी खंडेनवमी होती. माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. शेतकरी नांगर-कोयता पुजतो, सुतार पटाशी पुजतो, आम्ही पाने पुजायचो. पुजलेलं हत्यार दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत उचलायचं नाही. त्यानं वर्षभर तुमच्यासाठी अंग झिजवलं, तर एक दिवस त्याला बसू द्यायचं. आप्पा देवाधर्माच्या बाबतीत तसे ढिले, पण हा एक दिवस ते कडक पाळत. मी उठलो तोवर ते आंघोळ करून शेडमध्ये बसलेही होते. धुतलेल्या पोत्यावर सगळे पाने लहानमोठ्या मापानं मांडलेले, पुसून तेल लावलेले. कपाळाला लावतात तशी आप्पा एकेका पान्याला हळद-कुंकवाची बोटं लावत होते. बोट पान्याला कुठं टेकलं ते त्यांना कळत नव्हतं. कुठं कुंकू लांब ओघळलं होतं, कुठं नुसताच ठिपका उडाला होता, कुठं एकाऐवजी दोन बोटं उमटली होती. प्रत्येक पान्यावर झेंडूची पाकळी ठेवली. त्या वर्षी झेंडू मिळत नव्हता, म्हणून अख्खं फूल कुणाच्याच वाट्याला नव्हतं.

दहाच्या सुमारास डॉक्टरांचा निरोप आला. उद्या पहाटेच तलावाच्या कामावर जायचंय, तिकडं जुलाबाची साथ आहे, तर आजच चारला गाडी न्यायला येतो.

"न्हेऊ द्या की," आप्पा म्हणाले. "गाडी तयार हाय."

मी जेवेपर्यंत कसाबसा धीर धरला. जेवून आप्पा बाजेवर आडवे झाले आणि त्यांचा डोळा लागला. मी गाडीत बसून दांडा हळूहळू ओढला. चौथा दात गेला, सहावा गेला. नवव्याला कुठं जरा जड लागला. खाली उतरून मागून खांदा लावला, तर हँडब्रेक ओढलेली गाडी अंगणाच्या उताराला सरकली. पुढं दगड होता म्हणून थांबली.

मी तिथंच बसलो. मला आप्पांचा भयंकर राग आला, खरं सांगतो. झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला हलवून उठवावं आणि विचारावं, की काल हे कळलं नाही का तुम्हाला. डॉक्टरांना थांबा म्हणावं तर ते कशासाठी थांबायचं हे आप्पांसमोर सांगावं लागणार. गाडी तशीच द्यावी तर त्या चढाखाली बायका बसलेल्या. कारखान्यातनं पाने आणावे तर सुट्टी, आणि चौकोनी पाना तर तिथंही नाही. तो एकच होता, आणि तो पोत्यावर कुंकू लावून बसला होता.

मी तो उचलला. तारेच्या नटाला लागेल म्हणून त्याच्या शेजारचा अर्ध्या इंचाचाही उचलला. कुंकू माझ्या बोटांना लागलं.

गाडीचा स्वतःचा जॅक डिकीत होता, त्यानं डावं चाक उचललं आणि खाली शिरलो. डावीकडचे ब्रेक ड्रमपासून कितीतरी लांब होते. दोन टक मागं यायच्या ऐवजी आप्पा पाच टक आले होते. बोटांना कळलेच नसतील. ते मी समजू शकत होतो. मग माझं लक्ष तारेकडं गेलं. तारेच्या टोकाचे आटे संपेपर्यंत नट आवळला होता. ढिलं चाक लपवण्यासाठी तार ओढली होती. ज्यावरून त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना गवळ्याच्या पंगतीला बसवलं, तेच त्यांनी केलं होतं. म्हणजे काहीतरी चुकलंय हे त्यांना कळलं होतं, आणि कुठं चुकलंय ते सापडत नव्हतं. किती वेळ ते इथं माझ्यासारखेच पाठीवर पडून, त्या पान्यातून काही जाणवतंय का म्हणून थांबले असतील, कोण जाणे. माझा राग गेला आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं.

तार सोडली. डावं चाक तीन टक आवळलं, फिरवून पाहिलं, उजवं तपासलं तर ते ठीक होतं, मग तार नव्यानं लावून नट घट्ट केला. दांडा ओढला. एक, दोन, तीन, चार. गाडी जागची हलेना.

बाहेर आलो तर आई पोत्यापाशी उभी होती. तिनं माझ्या हातातल्या पान्यांकडं पाहिलं, बाजेकडं पाहिलं, आणि आत जाऊन कुंकवाचा करंडा घेऊन आली. मी पाने पुसून जागेवर ठेवले. तिनं करंगळीशेजारचं बोट बुडवून दोन्ही पान्यांना हळद लावली, कुंकू लावलं, पाकळ्या परत ठेवल्या. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "एक दिस तरी थांबला असतास," एवढंच म्हणाली. पण तिला ठाऊक होतं की थांबता आलं नसतं.

चारला डॉक्टर आले. आप्पांनी त्यांना गाडीत बसवलं आणि म्हणाले, "वढा दांडा." डॉक्टरांनी ओढला. मी आप्पांच्या तोंडाकडं पाहत होतो. चौथ्या दाताला दांडा थांबला, आणि त्यांच्या कपाळावर बारीकशी आठी पडली. ती लगेच गेली. डॉक्टर म्हणाले, "वा आप्पा." आप्पांनी मान हलवली. मिशीवर हात गेला नाही.

दिवेलागणीला आप्पा उदबत्ती घेऊन शेडमध्ये गेले. आई निरांजन घेऊन मागं, तिच्या मागं मी. आप्पा पोत्यासमोर बसले. उदबत्ती ओवाळता ओवाळता त्यांचा हात थांबला. डोळे मात्र त्यांचे चांगले होते, साखरेनं तेवढं अजून सोडलं होतं.

तीस-बत्तीस पाने असतील. सगळ्यांवर आप्पांची वेडीवाकडी, ओघळलेली बोटं. आणि मधेच शेजारीशेजारी दोन पाने, ज्यांच्यावर हळदीचा गोल टिळा आणि त्याच्या बरोब्बर मधे कुंकवाचा गोल टिळा. आईनं चाळीस वर्षं बायकांना हळदीकुंकू लावलं होतं. तिचं बोट वाकडं पडत नव्हतं. आमच्या दोघांच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

आप्पांनी आधी स्वतःच्या बोटाकडं पाहिलं. मग आईकडं.

"ह्यो टिळा तुजा हाय," ते म्हणाले.

 आप्पांनी चौकोनी पान्यावर नजर ठेवूनच मला विचारलं, "डावं का उजवं?"

"डावं."

"किती टक?"

"तीन."

"आन् तार?"

"सोडली. परत लावली."

 उदबत्तीची राख त्यांच्या हातावर पडली. ती गरम होती, पण त्यांना ती झटकायची नव्हती किंवा कळली नव्हती.

"तार मी जानूनच वढली हुती," आप्पा म्हणाले. "चाकातलं काय कळंना. दोनदा उटलो, दोनदा परत पडलो. मग म्हनलं, वढावी तार." त्यांनी हे कबुलीसारखं सांगितलं नाही, कामाचा अहवाल द्यावा तसं सांगितलं. मग मान वर करून माझ्याकडं सरळ पाहिलं.

"याच्या आदी कवा?"

खरं सांगायची ती वेळ होती. त्यांनी स्वतःचं सांगून माझ्यासाठी वाट करून दिली होती. आणि मी म्हणालो, "न्हाई आप्पा. हीच पयली."

"न्हाई वो," आईही म्हणाली, निरांजन हातात धरून. "कवाच न्हाई."

देवापुढं, पुजलेल्या हत्यारांपुढं आम्ही दोघं एका आवाजात खोटं बोललो. आप्पांनी आळीपाळीनं आम्हा दोघांकडं पाहिलं.

"बरं," ते म्हणाले, आणि उरलेली उदबत्ती मातीत रोवली.

दसऱ्याला त्यांनी रीतीप्रमाणे पूजा उतरवली, मला सोनं दिलं, मी पाया पडलो. घरात कुणी आवाज चढवला नाही. मला वाटलं, निभावलं.

त्यानंतर गाडी आली की आप्पा बाजेवरूनच सांगायचे, "पोरगं सांजच्याला यील." मी म्हणायचो, तुम्ही बसा ना शेजारी, सांगा ना काय करायचं ते. ते शेजारी बसायचे. सांगायचे काही नाही. वर्षभरापूर्वी ज्या बोल्टवरून आम्ही भांडलो असतो, तो मी मुद्दाम चुकीचा लावून पाहिला. त्यांनी पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी म्हटलं असतं, वय झालं, विश्रांती मिळाली. पण दुसरंच सुरू झालं. सदऱ्याची गुंडी लावली की ते आईला विचारायचे, "लागली का?" कडी लावली की, "बसली का बघ." धोतराची गाठ, पंपाच्या स्टोव्हची चावी, औषधाच्या बाटलीचं झाकण. आधीही बोटं इतकीच बधिर होती, पण तेव्हा त्यांना वाटायचं की आपल्याला जमतंय, आणि म्हणून बरंचसं जमायचं. आता त्यांना कुठल्याच गोष्टीची खात्री नव्हती. मागच्या आठ-नऊ महिन्यांत जे जे नीट झालं ते आपण केलं की आणखी कुणी, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मला एक हँडब्रेक वाचवायचा होता. त्या नादात मी त्यांचं सगळंच काढून घेतलं.

आणि विचारून तरी काय उपयोग. आई म्हणायची, "लागली हाय गुंडी." ते ऐकून घ्यायचे आणि थोड्या वेळानं मला विचारायचे. मी म्हणायचो, "लागली हाय, आप्पा." ते माझ्या तोंडाकडं पाहत राहायचे. गुंडी लागली नसती तरी मी हेच म्हटलं असतं, हे त्यांना ठाऊक झालं होतं. मग सकाळी दूधवाला आला की त्याला विचारायचे. पोस्टमनला विचारायचे. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. मला तसं वाटून घ्यायचीसुद्धा सोय नव्हती.

डॉक्टरांना एकदा सगळं सांगितलं. ते म्हणाले, "यावर माझ्याकडे गोळी नाही." यावेळी मला त्यांचा राग आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आप्पांच्या पायांतलीही जाण गेली. तपासणीसाठी मी त्यांना नगरला मोठ्या दवाखान्यात न्यायला निघालो. सकाळची एस.टी., स्टँडवर ही गर्दी, दुष्काळ अजून सरला नव्हता आणि माणसं कामासाठी कुठं कुठं निघाली होती. गाडी लागली. मी आप्पांचा दंड धरून दारापाशी आणलं. पायरीवर पाय ठेवायच्या आधी ते थांबले आणि म्हणाले, "वहान हाय का रं पायात?"

त्यांना मान वाकवून बघता आलं असतं, पण मागून रेटा होता आणि त्यांचे दोन्ही हात दाराच्या दांड्याला होते. मी वाकून पाहिलं. दोन्ही वहाणा पायांत होत्या, अंगठ्यात नीट बसलेल्या. मी म्हटलं, "हायेत आप्पा. दोनी हायेत. चढा."

ते चढले नाहीत. मागची माणसं ओरडायला लागली. मी पुन्हा म्हटलं, "आप्पा, खरंच हायेत. शपथ."

आप्पांनी मान फिरवली. त्यांच्या मागं डोक्यावर बोचकं घेतलेला एक अनोळखी माणूस होता, कामावर निघालेला.

"बाबा," आप्पा त्याला म्हणाले, "माज्या पायात वहान हाय का, जरा बघता का?"

त्या माणसानं एकदा माझ्याकडं पाहिलं, मग बोचकं सावरून खाली पाहिलं.

"हाय की," तो म्हणाला. "दोनी बी हायेत."

आप्पांनी पाय उचलला आणि पायरी चढले.